काकुमातली सुई

काकुमात आमचा फुटबॉलचा सराव सुरू व्हायचा तो काटे वेचण्यापासून. सकाळी सहाला वीसेक मुली एका रांगेत वाकायच्या आणि मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत अक्षरशः विंचरून काढायच्या. तिथल्या बाभळीचा काटा बोटभर लांब, पांढरा, चपलेच्या तळातून आरपार जाणारा. फुटबॉलचं तर विचारूच नका.

काकुमा म्हणजे केनियाचा वायव्य कोपरा, तुर्काना काउंटी. नैरोबीहून विमानाने लोडवार आणि पुढे सव्वाशे किलोमीटर गाडीने. 1992 मध्ये सुदानच्या युद्धातून पळालेली मुलं इथे आली आणि निर्वासितांची छावणी उभी राहिली. प्रशिक्षक म्हणून माझा पहिला आठवडा परवानग्या आणि कागदपत्रांतच गेला.

मुलींना एक नाव तोंडपाठ होतं, रोझ नाथिके लोकोन्येन. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये निर्वासितांचा पहिला संघ उतरला, त्यातल्या दहा खेळाडूंपैकी पाच धावपटू याच छावणीतले आणि झेंडा होता रोझच्या हातात.

तिसऱ्या आठवड्यात पाहुणे आले. नव्या जर्सी, बारा नवे चेंडू, भरपूर फोटो. चेंडू हवा काढून आणलेले, आणि हवा भरायची सुई एकाही खोक्यात नव्हती. आमची एकुलती एक सुई त्याच संध्याकाळी व्हॉल्व्हमध्ये मोडली. पुढचे नऊ दिवस बारा कोरे चेंडू कोठीत चपटे पडून होते आणि वीस मुली एका ठिगळ लावलेल्या चेंडूमागे धावत होत्या. मला भयंकर राग आला. नंतर स्वतःची बॅग उघडली. शिट्ट्या, कोन, दोन स्टॉपवॉच, रंगीत बिब. सुई मीही आणली नव्हती. मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमच्या कट्ट्यावर वाढलेला. पेठेतल्या प्रत्येक पोराच्या खिशात सुई असायची, हे मला आठवायला हवं होतं.

शेवटी आमची गोलकीपर मला बाजारातल्या एका फुंडीकडे घेऊन गेली. फुंडी म्हणजे कारागीर. हा काँगोहून आलेला, मोटारसायकली दुरुस्त करणारा. त्याने मोडक्या रेडिओच्या एरियलची बारीक नळी कापली, टोक दगडावर घासलं, गालावर फिरवून धार उरली नाही ना ते पाहिलं, आणि मागे रबर गुंडाळून पंपाला बसवली. थोडी हवा निसटत होती, पण चेंडू फुगला. पैसे विचारले तर मान हलवून कामाला लागला. संध्याकाळपर्यंत बाराही चेंडू मैदानावर होते. ती नळी गोलकीपरने दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

निघताना आठवण म्हणून ती नळी मी मागितली. तिने मुठीत घट्ट धरली आणि एवढंच म्हणाली, “कोचा, म्पिरा?” कोचा म्हणजे प्रशिक्षक, म्पिरा म्हणजे चेंडू. मागितल्याची अजून लाज वाटते.

परत आल्यावर शंभर सुया घेऊन ठेवल्यात. त्या बाजूला कोणी जाणारं असेल तर कळवा. पाकीट मुठीत मावतं.