दालमिलचे तीन सर्व्हर एकावर आणताना

जळगावच्या एका दालमिलमध्ये टॅली, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आणि फाइल शेअरिंग अशी तीन कामं तीन जुन्या मशीनवर चालायची. ती एकाच नव्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स (एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल, म्हणजे आभासी, मशीनं चालवणारी प्रणाली) टाकून आणायची होती. मालकांची, म्हणजे आबांची, एकच अट: "भाऊ, काटा बंद पडायला नको. गाड्या दारात उभ्या राहतात."

विंडोजची मशीनं डिस्क-टू-व्हीएचडीने (अख्ख्या डिस्कची एका फाइलमध्ये प्रत काढणारं टूल) उचलून नव्या सर्व्हरवर चढवली. यात अडतं ते व्हर्टआयओच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीच्या वेगवान डिस्क-जोडणीच्या, ड्रायव्हरपाशी. विंडोजमध्ये तो आधीपासून नसतो, त्यामुळे मूळ डिस्क थेट व्हर्टआयओवर लावली की बूट होताना निळी स्क्रीन येते. मी मूळ डिस्क आधी साटावर (विंडोजच्या ओळखीच्या नेहमीच्या जोडणीवर) लावली, सोबत एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडली आणि व्हर्टआयओच्या आयएसओतून (सीडीसारख्या फाइलीतून) ड्रायव्हर टाकला. रिकामी डिस्क विंडोजला दिसली, मगच मूळ डिस्क तिकडे हलवली आणि बूट ऑर्डर पुन्हा लावली. मशीन बूट करणारं फर्मवेअरही जुळवावं लागतं: जुनं मशीन लेगसी बायोसवर असेल तर नव्यात सीबायोस, यूईएफआयवर असेल तर ओव्हीएमएफ.

मॉनिटरिंगला, म्हणजे सगळ्यावर नजर ठेवून बिघाड कळवायला, झॅबिक्स हे सॉफ्टवेअर घेतलं, पण वेगळ्या पीसीवर, वेगळ्या यूपीएसवर. सर्व्हरच बसला तर त्याच्या पोटातलं झॅबिक्स कळवणार कसं?

सगळ्यात जास्त जपायची गोष्ट म्हणजे एलव्हीएम-थिनचा पूल, म्हणजे व्हर्च्युअल डिस्क ज्यातून लागेल तशी जागा घेतात तो सामाईक साठा. व्हर्च्युअल डिस्कना कागदावर दिलेली जागा खऱ्या डिस्कपेक्षा जास्त असू शकते. विंडोजच्या आत भरपूर जागा मोकळी दिसते, पण खाली पूल भरला की त्यावरच्या सगळ्या मशीनचं लिहिणं एकदम अडकतं. एलव्हीएस कमांड पूलमधल्या डेटाची आणि मेटाडेटाची (कुठली जागा कुणाची याच्या नोंदींची) टक्केवारी वेगवेगळी दाखवते. दोन्ही झॅबिक्समध्ये घेतल्या, ८० टक्क्यांना अलर्ट लावला. डिस्कवर डिस्कार्डची खूणही केली, म्हणजे विंडोजमधून पुसलेल्या फाइलींची जागा पूलला परत मिळते.

मे महिन्यात इथे पारा ४४-४५ वर असतो, त्यात डाळीची धूळ फिल्टरमध्ये जाऊन बसते. तापमानाचा अलर्ट क्षणिक आकड्यावर ठेवला तर दुपारभर फोन वाजतो आणि दुसऱ्या दिवसापासून कुणी बघत नाही. दहा मिनिटांची सरासरी धरा आणि अलर्ट मिटण्याची मर्यादा काही अंश खाली ठेवा. अलर्ट आला की आबांचा माणूस आधी फिल्टर झाडतो. ट्रिगरना, म्हणजे अलर्ट उठवणाऱ्या अटींना, डिपेंडन्सीही हवीच. सर्व्हर बंद पडल्यावर एकच मेसेज यावा, तिन्ही मशीनचे वेगळे नकोत.

लाइट गेली आणि यूपीएस उतरत आला की एनयूटी (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरला शटडाउन सांगतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट (सर्व्हरचा निरोप आत पोचवणारा छोटा प्रोग्रॅम) असल्याने आतली मशीनंही नीट बंद होतात. परत सुरू होताना पहिला नंबर काट्याचा.

स्नॅपशॉटला (त्याच डिस्कवर जपलेल्या मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीला) बॅकअप धरू नका. डिस्क गेली की तोही जातो. बॅकअप दुसऱ्या मशीनवर रोज रात्री जातो. महिन्यातून एकदा, मिल बंद असताना, काट्याचा बॅकअप नव्या आयडीने, म्हणजे वेगळं मशीन म्हणून, रिस्टोअर करतो, नेटवर्क तोडून चालू करतो आणि आदल्या दिवशीची शेवटची वजनपावती उघडते का ते पाहतो. उघडली की ते मशीन डिलीट.