मे महिन्यात पहाटे पाचला गिअरबॉक्सचं तेल

आमच्या जालन्याकडं पिकअप म्हणलं की डोळ्यासमोर बोलेरो पिकअपच येती, हातानं गिअर टाकायची, क्लच प्लेट गेली तर लिंबाखाली लावून उतरवता येती अशी. ऑटोमॅटिक पिकअप हे प्रकरण आत्ता आत्ताचं, 2019 ला इसुझूच्या व्ही-क्रॉस पिकअपमधी ऑटोमॅटिक आली, 2022 ला टोयोटाची हायलक्स आली, मग मोसंबीवाले बागायतदार, प्लॉटिंगवाले यांनी एकेक घेतली. ज्या गाडीचं सांगतोय ती कोणती ते मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच.

घनसावंगीकडचे एक काका आहेत, माझ्या गॅरेजचं जुनं गिऱ्हाईक, ट्रॅक्टरपासून ओळख. ऐन मे मधी फोन. "अरे बाबा, डी मधी, म्हंजी पुढं जायच्या गिअरला टाकलं की गाडी नुसती उभी ऱ्हाती, जरा वेळानं हिसका देऊन निघती, आन चढाला इंजिन बोंबलायलंय पण गाडी काय पुढं सरकंना." म्हणलं कुणी उघडली होती का खालून? तर पुतण्यानं तेल बघितलं होतं. कसं बघितलं विचारलं तर म्हणे खालचा छोटा नट खोलला, भळभळ तेल आलं, म्हणजे टाकी फुल, परत नट लावला. कधी? दुपारी, बागंला पाणी टाकून आल्यावर. इंजिन चालू होतं का बंद? "बंद की! चालू गाडीखाली कोण मरायला जाईल."

अर्धं निदान तिथंच झालं, फोनवर.

आता हे जरा नीट सांगतो कारण पुतण्यासारखी पोरं गावोगावी आहेत आणि व्हिडिओ बघून हात घालायलेत. आजकालच्या बऱ्याच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला इंजिनासारखी गेज काडी नसती. खाली एक चेकचा नट असतो, त्याच्या आत उभी नळी, तेल त्या नळीच्या तोंडाच्या वर असलं तर बाहेर सांडतं, खाली असलं तर येत नाही. पण ही लेव्हल धरायची ती इंजिन चालू असताना आणि तेल ठराविक गरम असताना, बऱ्याच गाड्यांना चाळीस अंशाच्या आसपास, नेमका आकडा ज्या त्या गाडीच्या मॅन्युअलात असतो. इंजिन बंद केलं की पंप थांबतो, टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा डबा) आणि वरच्या गल्ल्यांमधलं तेल खाली चेंबरात, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या परातीत उतरतं आणि लेव्हल खोटी वर दिसती. वर तेल तापलेलं असलं की फुगतं, दहा लिटर तेल चाळीसवरून नव्वदवर गेलं तर पाव लिटराच्या वरच वाढतं. म्हणजे पुतण्यानं "फुल आहे का" बघता बघता चांगलं कामाचं तेल मातीत सांडून टाकलं होतं. तेल कमी पडलं की पंप हवा ओढतो, प्रेशर बनत नाही, आतल्या क्लच प्लेटा घसरतात, घसरल्या की आणखी तापतात.

काकांना सांगितलं गाडी आत्ता जिथं आहे तिथंच राहू द्या, गॅरेजला चालवत आणू नका, मीच येतो आखाड्यावर, तुमच्या शेतातल्या वस्तीवर, पण पहाटे. काका म्हणले पहाटे कशाला, दहाला ये जेवून जा. आता मे मधी दहाला आपल्याकडं काय असतं ते सगळ्यांला माहिती आहे, दुपारी सावलीत बेचाळीस-त्रेचाळीस, पत्र्याखाली विचारूच नका. दुपारी इंजिन चालू करायच्या आधीच तेल चाळीसवर बसलेलं असतं, दोन मिनिटांत मॅन्युअलातल्या आकड्याच्या वर जातं, मग लेव्हल कशी धरणार? थंड देशातल्या लोकांचे व्हिडिओ असतात, त्यात तेल गरम व्हायची वाट बघत बसतात, आपल्याला उलटं, थंड व्हायची वाट बघावी लागती.

पाचच्या आधी पोचलो. आधी वरचा भरायचा नट खोलला. ही सवय लावून घ्याच, चेसी आणि सायलेन्सरच्या मधी अडचणीत असतो तो, बहुतेक वेळा जाम. तेल काढून बसलात आणि मग हा नट गोल झाला तर गाडी तिथंच, ना तेल आत जातंय ना गाडी हलतीय. स्प्रे मारला, जरा थांबलो, लांब पान्यानं कट्‌ आवाज करून सुटला. सायलेन्सर गार असतो हा पहाटेचा अजून एक फायदा.

गाडी चारी बाजूनं सारखी उचलून स्टँडवर घेतली, पुढून उचलली मागून नाही असं चालत नाही, लेव्हलचा खेळ आहे. नुसत्या जॅकवर ठेवून खाली कुणी शिरू नका. पुतण्याला सीटवर बसवला, ब्रेक दाबून धर, पी आर एन डी (पार्किंग, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा वेळ थांबत फिरव म्हणलं. मी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून तेलाचं तापमान बघायलो. एकोणतीसवरून सुरू झालं, चाळीसच्या जवळ आल्यावर चेकचा नट खोलला.

थेंब नाही. बोट घातलं तर नळीची कड कोरडी.

इंजिन बंद करून ड्रेन काढलं, चारेक लिटर आलं. ऑटोमॅटिकचं तेल नवीन असताना लालभडक असतं, हे काळपट चहासारखं, आणि वास करपलेला. घसरलेली गाडी म्हणून चेंबर पण उतरवला. मला भीती मॅग्नेटची होती. चेंबरच्या तळाला छोटी मॅग्नेटं असतात, लोखंडाचा कीस धरून ठेवायला. काढून बोटांनी चोळून बघितलं, करड्या रंगाचा लेप, काजळासारखा मऊ, खरखर नाही, चकाकणारा तुकडा एक पण नाही. तेवढं झिजतंच, ते चालतं. तळाला थोडी काळी भुकटी होती, ती क्लच प्लेटांची, ती बघून बरं नाही वाटलं पण गिअरबॉक्स खोलायला लागंल अशी पण नव्हती.

काकांचं एकच, "पण घेताना सांगितलं होतं की ह्याचं तेल लाइफटाइम आहे, बदलायचंच नाही." सांगणाऱ्यानं मॅन्युअल पूर्ण वाचलेलं नसतं, बऱ्याच मॅन्युअलात जड ओझं, ओढकाम, कडक ऊन यासाठी वेगळी ओळ असती. आणि काका काय करायलते? कालव्याचं आवर्तन लांबलं म्हणून मागं हजार लिटरची टाकी बांधून मोसंबीला पाणी टाकायलते, ढेकळांच्या वाटेनं, पहिल्या-दुसऱ्या गिअरात. हजार लिटर पाणी म्हणजे सरळ एक टन, अशा गाडीची ती पात्रताच नाही. वर हळू चालीत कन्व्हर्टर लॉक होत नाही, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जात नाहीत, बराच जोर तेल घुसळण्यात जातो आणि ते तापत बसतं. मिस्त्री लोकांचा जुना ठोकताळा आहे, दहा-अकरा अंश जास्त तापलं की तेलाचं आयुष्य निम्मं. काकांची बाग जगली म्हणा, त्याला काही बोलता येत नाही, झाडं वाळली तर पाच-सहा वर्षांची मेहनत जाती.

फिल्टर नवा, चेंबरचं पॅकिंग नवं, ड्रेनचा वायसर नवा. नट टॉर्क पान्यानंच आवळले, ॲल्युमिनियमच्या आट्या आहेत, जोर दाखवला की गेल्या. तेल मॅन्युअलात लिहिलेल्या ग्रेडचंच, "लाल आहे ना, मग चालतंय" असं म्हणून पॉवर स्टिअरिंगसाठी आणलेलं ओतणारे पण बघितलेत. हातपंपानं निघालं तेवढं भरलं, गाडी चालू करून परत गिअर फिरवले, चाळीसला नट खोलला, तरी कोरडं. भरत गेलो, आणखी सव्वा लिटर गेल्यावर आधी थेंब आले मग बारीक धार लागली, धार तुटत आली तसा नट बंद. सव्वा लिटर! तेवढ्या कमी तेलावर ती गाडी एक टन पाणी ओढायलती.

आठच्या आत आवरलं. डी टाकल्या टाकल्या गाडी पकड घ्यायली. काकांना समजावलं की हे पूर्ण नवं झालेलं नाही, चेंबरातलंच बदललं, कन्व्हर्टरमधलं जुनं त्यात मिसळणार, हजारेक किलोमीटरनं परत एकदा काढू. मशीन लावून जोरात फ्लश का नाही करत, म्हणजे दाबानं सगळं जुनं तेल एकदम का नाही ढकलून काढत, असं पुतण्यानं विचारलं, प्रश्न चांगला होता, पण करपलेल्या तेलाच्या गाडीला मी तरी जोराचा फ्लश मारत नाही, बसलेला गाळ उठून व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत अडकला तर नवीन दुखणं. हळूहळू बदललेलं बरं. काढलेलं तेल काकांनी गोठ्याच्या मेढींना वाळवीसाठी ठेवून घेतलं, आणि पाण्याची टाकी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गेली.

आठवड्यानं काकांचा फोन, गाडी मस्त आहे, हिसका नाही. मग हळूच म्हणले, "पोरगं इचारायलंय, तो खालचा नट परत एकदा खोलून बघू का, तेल बरोबर आहे का ते?" म्हणलं काका, त्याच्याकडून चौदाचा पाना काढून घ्या आधी.