डस्ट शील्ड मीच काढली होती

पुढचं उजवं चाक जॅकवर घेतलं, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी दोन्ही हातांनी धरलं आणि हलवून पाहिलं. टक्. पुन्हा हलवलं, पुन्हा टक्. टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा बॉलचा सांधा, गेला होता. त्यात नवल काही नाही. सातपूरला त्र्यंबक रोडलगत माझं गॅरेज आहे, खड्ड्यांच्या कृपेने आठवड्याला दोन-तीन एंड बदलतोच. पण हा एंड चार महिन्यांपूर्वी मीच नवा बसवला होता.

गाडीवाला पंचविशीतला, कॉलेज रोडचा. मला काका म्हणतो. कोइम्बतूरच्या करी या रेसिंग ट्रॅकवर दोन दिवस गाडी पळवून तो रस्त्यानेच नाशिकला परतला होता.

"काका, चंदनापुरी घाट उतरताना स्टिअरिंग सैल वाटलं. मग संगमनेरपासून साठच्या वर नेलीच नाही."

आधी त्याला शिव्या घातल्या. एंडचा बॉल निसटला की चाक स्वतःच्या मर्जीने वळतं. तेव्हा साठ काय आणि तीस काय!

चाक उतरवलं. ब्रेकच्या डिस्कवर निळी-जांभळी झाक आली होती. रिमच्या आतल्या अंगाला ग्रीसचे काळे ओघळ. एंडचा रबरी बूट, म्हणजे सांध्यावरची टोपी, अंगठ्याने दाबला तर मारी बिस्किटासारखा तुकडा पडून हातात आला. आत ग्रीस नव्हतंच, भांड्याच्या बुडाला लागते तशी काळी खरपुडी होती. डाव्या बाजूला प्ले, म्हणजे सैलपणा, नव्हता, पण बूट तिकडेही तडकलेला. हाताखालचा पोरगा म्हणाला, "शेठ, माल डुप्लिकेट लागला." मलाही ते पटकन पटलं. खरं सांगायचं तर सोयीचं होतं. दुकानदाराला झापायला मी फोन हातात घेतलाही होता.

तेवढ्यात नकलवरच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं आणि वळतं त्या भागावरच्या, बोल्टच्या रिकाम्या भोकांकडे लक्ष गेलं. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याची थाळी असते ना, डस्ट शील्ड, ती तिथे बसते. ती मीच काढली होती, दोन्ही बाजूंची. ट्रॅकवर जाणारी पोरं सर्रास काढतात, डिस्कला वारा लागतो म्हणून. यानेही सांगितलं आणि मी दहा मिनिटांत काढून दिली. नावच डस्ट शील्ड. ट्रॅकवर कुठली आलीय धूळ, असं मी वर म्हणालोही होतो.

तो एंड व्हाइसमध्ये धरून करवतीने उभा कापला. गिऱ्हाइकाला दाखवायला नाही, मलाच बघायचं होतं. बॉल ज्या प्लॅस्टिकच्या वाटीत फिरतो, ती एका बाजूने दबून चपटी झाली होती. ही वाटी बहुधा अ‍ॅसिटलची असते. ती 165 ते 175 अंशांना वितळते, पण तिचा ताठपणा त्याच्या बराच आधी जातो. बुटाचं रबर शंभर-एकशेवीस अंशांच्या पुढे फार दिवस काढत नाही. आणि ट्रॅकवर तापलेली डिस्क 500-600 अंशांची, या सगळ्यापासून चार बोटांवर, आणि मध्ये आडोसा करणारी शील्ड मी काढलेली.

एवढी उष्णता येते कुठून, याचा हिशेब मी पोराला पाटीवर करून दाखवला. माणसासकट 1100 किलोची गाडी 130 वरून 50 वर आणली की साधारण 600 किलोज्यूल ऊर्जा ब्रेकला गिळावी लागते. पावणेदोन लिटर गार पाण्याला उकळी आणायला एवढीच लागते. म्हणजे एका दाबाला चहाचं एक मोठं पातेलं, तेही चार-पाच सेकंदांत, आणि त्यातला बराच वाटा पुढच्या दोन डिस्कवर. अशी पातेली एका फेरीत दोन-तीनदा, वीस मिनिटं सलग. आपल्या शहरात दिवसभर ब्रेक मारले तरी एवढं होत नाही. त्यामुळे गावातल्या गाडीची शील्ड काढली तर उष्णतेने काही बिघडत नाही, आणि म्हणूनच माझ्या डोक्यात ते कधी आलं नाही.

निफाडच्या थंडीत शेकोटीसमोर बसलेल्याला हे वेगळं सांगायला नको. तोंड भाजतं, पाठ गारच. मध्ये कोणी येऊन उभा राहिला की लगेच गार वाटतं. ही उष्णता हवेतून वाहत येत नाही, सरळ रेषेत फेकली जाते. आणि तापमान वाढलं की ती चौथ्या घाताने वाढते. गाडी पळत असताना वारा तरी मदतीला असतो. हा पठ्ठ्या शेवटची फेरीही दाबून मारायचा आणि तशीच गाडी पिटमध्ये, ट्रॅकशेजारच्या थांब्यात, आणून उभी करायचा, वर हँडब्रेक ओढून! वारा बंद, डिस्क लाल, आणि तिच्यासमोर बिचारा बूट उघडा. सगळ्यात जास्त तो तिथेच भाजला असणार. शेवटची फेरी ब्रेक न लावता हळू मारायची आणि उभी करताना गिअरमध्ये ठेवून चाकाला गुटका लावायचा, हे त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

आता आडोसा करायचा होता. पोरगा म्हणाला, बुटावर चंदेरी टेप गुंडाळू. नको. बुटाला दर वळणावर वाकावं लागतं, टेप फाटणार, आणि फाटेपर्यंत खालची चीर झाकून ठेवणार. जुन्या शील्ड भंगारात शोधल्या. एकच सापडली, दुसरी मागवली. दोन्ही परत बसवल्या, पण पुढून खिडकी कापून तिथे बंपरकडून पाइप आणला. वारा डिस्कच्या तोंडावर मारायचा नाही, मधल्या भोकाशी द्यायचा. तिथून डिस्कच तो पाकळ्यांमधून बाहेर फेकते.

मूळ शील्ड एंडपाशी कापलेली असते, तेवढ्यासाठी वेगळा तुकडा लागणार होता. अंबडला इलेक्ट्रिक पॅनेलचे डबे बनवणारा मित्र आहे, त्याच्याकडून 0.8 मिलिमीटर स्टेनलेसचा कट-पीस आणला. पहिला तुकडा मी हौसेने बुटाला चिकटूनच बसवला. रात्री घरी जेवताना डोक्यात आलं, हा तर तवा झाला. तापला की सगळी उष्णता सरळ बुटात. दुसऱ्या दिवशी नवा कापला, आठ-दहा मिलिमीटर फट ठेवली, चकचकीत बाजू डिस्ककडे. तो धरला नकललाच, म्हणजे चाकाबरोबर वळेल. चाक लावून स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून, सस्पेन्शन वर दाबून, खाली सोडून, चार वेळा तपासलं. नवे एंड, नवं डॉट 4 ब्रेक ऑइल, अलाइनमेंट.

कारखान्यात बेअरिंगवर लावतात त्या तापमानाच्या पट्ट्याही चिकटवल्या, एकदा काळा झालेला चौकोन परत पांढरा होत नाही अशा. एक पत्र्याच्या डिस्ककडच्या बाजूला, एक एंडच्या अंगावर. वरचा चौकोन 160 अंशांचा.

परवा त्याने कोइम्बतूरहून फोटो पाठवले. डिस्ककडची पट्टी टोकापर्यंत काळी. एंडवरची 93 ला थांबलेली. बूट मऊ आहे म्हणाला, नखाने दाबून पाहिला. मी फोटो मोठा करून बघितला तर पत्र्याच्या खालच्या कडेला एक चकाकती रेघ दिसली, रिम घासल्याची. ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर चाक चढलं असणार, माझ्या चार तपासण्यांत ते कुठे आलं होतं! कड तीन मिलिमीटर आत वळवावी लागेल. गाडी सोमवारी येतेय.