भांडं बदललं की नक्षी बदलते

‘तिकडे नेमकं काय करून राहिला तू?’ धरमपेठेतून आई दर फोनला विचारते. म्हणून आज सविस्तर लिहितो.

इथे फ्रान्समधल्या बोर्दोत मी बेलोउसोव्ह-झाबोटिन्स्की अभिक्रियेवर काम करतो, म्हणजे ज्याचा रंग आपोआप मागेपुढे होत राहतो अशा रासायनिक मिश्रणावर. ब्रोमेट, मॅलोनिक आम्ल, सल्फ्युरिक आम्ल आणि रंग दाखवायला फेरोइन. पेट्री डिशमध्ये मिलिमीटरभर थर ओतायचा आणि हात न लावता बघत बसायचं. लाल द्रावणात निळा ठिपका उमटतो, पसरून त्याचं कडं होतं, त्याच्या पोटात दुसरं कडं. दोन कडी भिडली की जागीच विझतात, कारण लाट जिथून गेली तिथलं रसायन थोडा वेळ पुन्हा पेटत नाही. बोरिस बेलोउसोव्ह यांनी हा मागेपुढे होणारा रंग 1951 मध्ये पाहिला, तर असं होऊच शकत नाही म्हणून त्यांचा लेख परत आला. फार हळहळ वाटते मला त्यांच्याबद्दल. लेनिन पारितोषिक मिळालं 1980 साली. ते 1970 मध्येच गेले होते.

माझा जीव मात्र अडकलाय भांड्याच्या आकारात. तेच द्रावण बारीक नळीत भरलं की कड्यांना जागाच उरत नाही, लाट सरळ पुढे जाते. गोल बंद वाटेत एकच लाट सोडली तर तिला विझवायला समोरून कुणी येत नाही, ती फिरतच राहते. आणि अरुंद फटीतून मोकळ्यात येताना तिला फार वाकावं लागलं, तर ती तोंडाशीच मरते. रसायन तेच, मात्रा तीच!

स्थिर नक्षीचंही तसंच. दोन रसायनं वेगवेगळ्या गतीनं पसरली तर ठिपके-पट्टे आपोआप उमटू शकतात, हे ॲलन ट्युरिंग यांनी 1952 मध्ये गणितानं दाखवलं. प्रत्यक्षात ते पहिल्यांदा दिसले 1990 मध्ये, इथेच बोर्दोत, जेलच्या म्हणजे जेलीसारख्या मऊ पदार्थाच्या पट्टीत. दोन ठिपक्यांतलं अंतर मुख्यतः रसायनंच ठरवतात. जागा त्याहून अरुंद झाली की शेजारी-शेजारी ठिपके मावत नाहीत, उरतात फक्त आडवे पट्टे. गणितज्ञ जेम्स मरे यांनी हाच हिशेब शेपटीला लावला: ठिपक्यांच्या प्राण्याला पट्ट्यांची शेपटी असू शकते, पट्ट्यांच्या प्राण्याला ठिपक्यांची नाही. कातडीवरच्या नक्षीचं सगळं उत्तर यात नाही, पण मला हा विचार विलक्षण सुंदर वाटतो.

गोरेवाड्याच्या सफारीला गेलात तर बिबट्याची शेपटी नीट बघा. बुडाशी ठिपके, टोकाकडे कडी. चांगला फोटो निघाला तर पाठवा, आमच्या निमुळत्या जेलच्या फोटोशेजारी लावायचा आहे.