काढा हेसुद्धा औषधच आहे

गेल्या हिवाळ्यात आईचा रक्तदाब अचानक आटोक्याबाहेर गेला. रक्तदाबाची गोळी ती कित्येक वर्षे नेमाने घेत आली आहे आणि पथ्यही पाळते. तरीही वरचा आकडा १७० च्या खाली येईना, पायांवर सूज दिसू लागली आणि जिना चढताना मांड्यांत बळच राहिले नाही असे ती सांगू लागली. रक्ततपासणीत पोटॅशियम २.९ निघाले. ते साधारणपणे ३.५ ते ५ च्या दरम्यान असावे लागते. डॉक्टरांनी विचारले, "आजी, या गोळीशिवाय दुसरं काही औषध घेता का?" आईने ठामपणे नाही म्हणून सांगितले. मग त्यांनी काढ्याबद्दल विचारले, तेव्हा कुठे कळले की दिवाळीत लागलेल्या खोकल्यासाठी सुरू केलेला ज्येष्ठमधाचा काढा, खोकला गेल्यावरही, ती घशाला बरा वाटतो म्हणून रोज दोन वेळा घेत होती.

आई खोटे बोलली नव्हती. आपल्या घरांत काढा, चूर्ण, आसव यांची गणती औषधांत होतच नाही. ती स्वयंपाकघरातली वस्तू, आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूने अपाय कसा होईल, हा त्यामागचा विश्वास आहे. मलाही तो तेव्हा होता, म्हणून हे लिहीत आहे.

ज्येष्ठमधाला गोडी देणारा ग्लायसिऱ्हिझिन हा घटक पोटात गेल्यावर त्यापासून जो पदार्थ तयार होतो, तो मूत्रपिंडातील एका विकराचे (एन्झाइमचे) काम अडवतो. हा विकर तिथे कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्क्रिय करत असतो. त्याचे काम अडले की कॉर्टिसॉल हे शरीरात मीठ धरून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकासारखे वागू लागते, शरीरात मीठ आणि पाणी साठते, पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते आणि रक्तदाब चढतो. त्यात आईची गोळी लघवी वाढवणारी, म्हणजे पोटॅशियम तीही कमी करणारी. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने होत होता. चार-पाच दिवस घसा बसला म्हणून ज्येष्ठमधाची कांडी चघळणे निराळे आणि दोन महिने रोज काढा पिणे निराळे. काढा बंद केल्यावरही रक्तदाब आणि पोटॅशियम पूर्ववत व्हायला काही आठवडे लागले.

आयुर्वेदाच्या औषधांना दुष्परिणाम नसतात, हे वाक्य आयुर्वेदाचा मान वाढवणारे नाही. पिंपळी, क्षार आणि मीठ यांचे अतिसेवन करू नये, असे चरकसंहितेतच बजावले आहे, आणि पिंपळी ही तर खोकल्यावरची नावाजलेली वनस्पती. मात्रा, काळ आणि रोग्याची प्रकृती पाहून औषध देणे हा त्या शास्त्राचा पाया आहे. तो सोडून आपण फक्त वनस्पतीचे नाव तेवढे उचलतो.

गुळवेलीचे असेच झाले. कोरोनाच्या काळात घरोघरी ती उकळली जात होती. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये अशा सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांना गुळवेल घेतल्यानंतर यकृताचा दाह झाला होता. त्यावर आयुष मंत्रालयाने, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असे म्हटले. त्या दुसऱ्या वेलीच्या खोडावर ठळक गाठी असतात. हा वाद कोणत्याही बाजूने सुटो, माझ्या दृष्टीने व्यवहारातला अर्थ एकच आहे: कुंपणावरून तोडलेली वेल खात्रीने ओळखता येत नसेल तर ती उकळू नये, आणि यकृताचा किंवा स्वप्रतिकारक विकार (ज्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) असेल तर वैद्यांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये.

आता फ्रिजच्या दारावर आईच्या औषधांची जी यादी लावली आहे, तिच्यात गोळ्यांखालीच काढा, चूर्ण, आसव, कधीपासून आणि किती, हेही लिहिलेले असते. इसबगोल ती भरपूर पाण्यासोबत आणि गोळीपासून दोन तास अंतर ठेवून घेते. विकत आणलेल्या बाटलीवर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत पाहते. सुटी, बिननावाची पुडी घरात येत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी ती यादी तिने स्वतःहून डॉक्टरांपुढे ठेवली.

अंगणातला आडुळसा मात्र तसाच फोफावलेला आहे, आणि त्याच्यावर तिचा विश्वास आजही अढळ आहे. तो सार्थही आहे, कारण कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे औषध आडुळशातील व्हॅसिसिन या घटकावरूनच बनवले गेले. परंतु त्याच व्हॅसिसिनने गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते. म्हणून परवा शेजारच्या काकू पाने मागायला आल्या, तेव्हा आईने आधी विचारले, "कुणासाठी हवीत?" सुनेसाठी, असे उत्तर आले. सुनेला पाचवा महिना आहे. आईने पाने दिली नाहीत. काकूंना आत बसवले आणि डॉक्टरांना फोन लावायला सांगितले.