पेटी, टीव्ही, टॅब आणि एक तास

१९८७ साली केंद्र सरकारनं खडू-फळा मोहीम काढली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक, त्यातली शक्यतो एक बाई, आणि शिकवायचं साहित्य. मी तेव्हा राळेगाव तालुक्यातल्या एका शाळेवर नवा होतो. आमची पेटी पोचली त्या दिवशी गावातली म्हातारी माणसंसुद्धा ओट्यावर येऊन बसली. पृथ्वीगोल, नकाशे, गणिताचं साहित्य, विज्ञानाचं साहित्य, शिवाय ढोलक. मोठ्या गुरुजींनी एकेक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढवली, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. "पोट्ट्यायनं काही फोडलं तं भरपाई माह्या पगारातून," एवढंच बोलले.

गुरुजी कामचुकार नव्हते. त्यांच्या हाताखालून गेलेला पोरगा तीसपर्यंत पाढे आणि पावकी-निमकी घडघडा म्हणायचा. फक्त त्यांना नोकरी कळत होती. तपासणीला येणारा माणूस पृथ्वीगोल आहे का ते विचारायचा. तो कधी फिरवला का, हे कोणी विचारलं नाही.

पुढं मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख ठेवणारा, झालो आणि मीच तपासणीला जाणारा माणूस बनलो. आता निवृत्त आहे. माझी भाची नागपूरला एम.एड. करते, तिचा लघुशोधप्रबंध शाळेतल्या तंत्रज्ञानावर आहे. ती इंग्रजी निबंधांच्या छापील प्रती आणून देते आणि मी शब्दकोश घेऊन वाचतो. आमच्याकडं मे महिन्याच्या दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते, त्यामुळं वाचन बरंच झालं. त्यातलं जे पटलं आणि जे अडलं ते इथं लिहितो.

पहिला माणूस मला आवडला तो लॅरी क्युबन. स्टॅनफर्डचा प्राध्यापक, पण त्याआधी चौदा वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवलेला आणि सात वर्षं एका जिल्ह्याच्या शाळांचा प्रमुख अधिकारी राहिलेला. म्हणजे आपल्यातलाच. त्यानं १९८६ साली अमेरिकेतल्या वर्गांत आलेल्या यंत्रांचा इतिहास लिहिला: आधी चित्रपट, मग रेडिओ, मग दूरचित्रवाणी, मग संगणक. प्रत्येक वेळी आधी गाजावाजा, मग खरेदी, मग शिक्षक फारसं वापरत नाहीत असं दाखवणारा अभ्यास, आणि शेवटी सगळा ठपका शिक्षकावर. एडिसननं १९१३ मध्ये सांगून टाकलं होतं की शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील आणि दहा वर्षांत शाळा पार बदलून जाईल. ११० वर्षं उलटली. आमच्या केंद्रात जून संपत आला की आजही पहिली ओरड पुस्तकं पोचली नाहीत हीच असते.

क्युबन शिक्षकाला शिव्या देत नाही, म्हणून त्याचं म्हणणं मला धरून ठेवावंसं वाटलं. तो म्हणतो, शिक्षक यंत्राला भीत नाही, तो हिशोब करतो. एका खोलीत चाळीस पोरं, ठरलेला अभ्यासक्रम, शिस्त सांभाळायची. या चौकटीत जे सोपं, टिकाऊ आणि हुकमी आहे ते तो वापरतो. खडू-फळा त्या हिशोबात बसतो. त्यानं आणि डेव्हिड टायॅकनं १९९५ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. शाळेचं एक व्याकरण असतं: वयाप्रमाणे इयत्ता, विषयाप्रमाणे तास, एक शिक्षक आणि समोर ओळीनं मुलं. सुधारणा शाळेला बदलायला येते आणि बऱ्याचदा शाळाच तिला बदलून आपल्या व्याकरणात बसवून टाकते.

हे वाचताना मला अमेरिका आठवलीच नाही. मला वर्धा आठवलं, आमच्या घरापासून एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं ते. ऑक्टोबर १९३७ मध्ये तिथं शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीमचा आराखडा तयार झाला. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटं हस्तोद्योगाला. टकळीवर सूत कातता कातता गणित, कापसातून भूगोल, भूगोलातून इतिहास. कापसाच्याच मुलखात जन्मलेली कल्पना. यापेक्षा मोठी शालेय सुधारणा या देशात कोणी मांडली असेल असं मला वाटत नाही. पुढं काय झालं? कोठारी आयोगानं साठच्या दशकात कार्यानुभव हा शब्द पुढं आणला, आणि मी मास्तर होईपर्यंत कार्यानुभव म्हणजे वेळापत्रकातला एक तास झाला होता. बहुधा शनिवारचा. पोरांनी कागदाची फुलं करायची आणि मास्तरनं नोंदी पूर्ण करायच्या. सेवाग्रामला आनंद निकेतन ही शाळा आजही त्या वाटेनं चालते, तिथं जाऊन बघावं. पण राज्यभरच्या शाळांनी टकळीचा तास केला आणि बाकी सगळं होतं तसं ठेवलं.

२०१५ साली हेच पुन्हा पाहिलं. २२ जूनला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा शासन निर्णय निघाला, ज्ञानरचनावाद (मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं ही कल्पना) हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला, आणि सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, बघायला राज्यभरातून शिक्षक निघाले. आमच्या भागातलेही गाड्या करून, रात्रभर प्रवास करून गेले. तिथं त्यांनी मुलं गटात बसून आपापल्या गतीनं शिकताना पाहिली. परत आल्यावर महिनाभरात आमच्या शाळांच्या फरश्या रंगल्या. अंकांच्या पट्ट्या, अक्षरांची चक्रं, बाराखडीचे चौकोन. कारण उघड आहे. रंग भेटीला आलेल्या साहेबाला दारातूनच दिसतो. मूल आपल्या गतीनं शिकतंय की नाही, हे बघायला खाली बसावं लागतं आणि वेळ द्यावा लागतो. काही बायांनी त्या फरश्या जीव ओतून वापरल्या, तेही सांगितलंच पाहिजे.

मग टीव्ही आणि टॅब आले. काही गावांत लोकवर्गणीतून, काही ठिकाणी ग्रामपंचायतीनं चौदाव्या वित्त आयोगाच्या पैशातून घेऊन दिले. माझ्या केंद्रात एका शाळेचं वीजबिल थकलं आणि मीटर गेलं. तिथले टॅब किराणा दुकानात चार्जिंगला लागायचे आणि दुकानदाराचा पोरगा त्यावर क्रिकेट बघायचा. सादिलच्या, म्हणजे किरकोळ खर्चाच्या, पैशात खडू आणायचा, झाडू आणायचा की बिल भरायचं, हा प्रश्न कोणत्याही प्रशिक्षणात आला नाही.

भाचीचं म्हणणं होतं की, मामा, तुमच्या अनुभवावरून तंत्रज्ञानच वाया असा निष्कर्ष काढू नका. तिनं तीन अभ्यास समोर ठेवले. पहिला पेरू देशातला. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप या योजनेत खेड्यातल्या शाळांत लॅपटॉप वाटले. तीच योजना २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावीही करून पाहिली होती. पेरूत ३१९ शाळांचा अभ्यास झाला. दर मुलामागं संगणक ०.१२ वरून १.१८ वर गेले, आणि गणित-भाषेच्या गुणांत काहीच फरक पडला नाही. सामान्य आकलनाच्या काही चाचण्यांत थोडा दिसला, बस.

दुसरा अभ्यास बडोद्याचा, २००७ साली छापून आलेला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी. चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ, एका संगणकावर दोघं. गणित चांगलंच वाढलं. पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरानं बराचसा फायदा विरून गेला. त्याच अभ्यासात बालसखीही होती: वस्तीतलीच शिकलेली मुलगी, मागं राहिलेल्या पंधरा-वीस पोरांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसायची. तिनंही फरक पाडला, आणि तिचा खर्च कितीतरी कमी होता.

तिसरा दिल्लीचा. शाळा सुटल्यावर दीड तास: अर्धा वेळ संगणकावर, अर्धा वेळ छोट्या गटात माणसासोबत. संगणक मुलाची इयत्ता न विचारता त्याची पातळी बघून प्रश्न द्यायचा. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलन इतकी वाढ झाली, म्हणजे शिक्षणातल्या प्रयोगांच्या मानानं घसघशीत. त्या मुलांचं सुरुवातीचं चित्र बघून मात्र मी वाचन थांबवून पाणी प्यायलो. सहावीतलं मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागं होतं. दिल्लीचं हे. आमच्याकडं कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग शेतात असतो.

तिन्ही अभ्यास शेजारी ठेवले की मला एकच गोष्ट दिसते. जिथं मूल खरोखर ज्या पायरीवर आहे तिथून शिकवलं गेलं, तिथं फरक पडला, मग शिकवणारं यंत्र असो की वस्तीतली पोरगी. आणि हेच शाळेच्या व्याकरणाला सगळ्यात जास्त टोचतं. हजेरीपत्रक इयत्तेचं, पुस्तक इयत्तेचं, टाचण (शिक्षकानं लिहायचं पाठाचं टिपण) इयत्तेचं, संकलित चाचणी इयत्तेची. टॅब या सगळ्यात सुखानं बसतो. चौथीतल्या मुलीला अक्षरांपासून शिकवणं बसत नाही.

माझ्या केंद्रात एका दोनशिक्षकी शाळेत एका मॅडमनी ते केलं. खिचडीच्या आधी एक तास दुसरी ते चौथी सगळी मुलं एकत्र करायची आणि वाचनाप्रमाणे गट पाडायचे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. चौथीतली एक मुलगी शब्दांच्या गटात, दुसरीच्या पोरांमध्ये बसली. तिसऱ्या दिवशी बाप शाळेत.

"काऊन वो मॅडम, माही पोरगी चौथीत हाये ना? मंग तिले दुसरीच्या पोट्ट्याइसंग काऊन बसवता? नापास केली का तिले?"

मॅडम म्हणाल्या, "दादा, एकच तास. वाचता आलं की वरच्या गटात जाईल."

"अन् नाही आलं तं?"

"येईल. तुम्ही तिला वेचायला नेऊ नका फक्त."

त्यानं पूर्ण ऐकलं नाही, पण सोमवार ते गुरुवार पाठवली. होळीपर्यंत ती परिच्छेद अडखळत वाचू लागली. गोष्टीच्या गटात काही त्या वर्षी पोचली नाही. याच शाळेत टॅबचा मला पटलेला एकमेव उपयोग पाहिला. मॅडम अक्षरांच्या गटाजवळ बसल्या की गोष्टीचा गट टॅबवर गोष्ट ऐकत पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून वाचायचा. दोन शिक्षक आणि चार वर्ग असले की एक गट वीस मिनिटं अर्थपूर्ण कामात राहणं ही केवढी मोठी सोय असते, ते शहरातल्या माणसाला सांगून कळणार नाही. पुढं ऑनलाइन बदल्यांत मॅडम गेल्या. तो तासही गेला, कारण तो कोणत्याही आदेशात नव्हता.

भाचीनं शेवटी दिलेला निबंध खरा माझ्यासाठी निघाला. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेची ही पातळीनुसार शिकवायची पद्धत सरकारी शिक्षकांकडून करून घ्यायचे प्रयत्न आधी बिहार आणि उत्तराखंडात झाले. साहित्य दिलं, प्रशिक्षण दिलं, पण नुसत्या तेवढ्यानं नेहमीच्या शाळेत फारसं हललं नाही. मग हरियाणात दोन गोष्टी वाढवल्या. रोजचा एक तास फक्त याच कामासाठी राखून ठेवला. आणि शाळांना भेटी देणाऱ्या पर्यवेक्षकांनी, म्हणजे आमच्यासारख्यांनी, आधी स्वतः पंधरा-वीस दिवस वर्गात उभं राहून मुलांना याच पद्धतीनं शिकवलं. मगच ते दुसऱ्याला सांगायला गेले. तिथं भाषेत फरक दिसला.

मी माझ्या जागी आलेल्या केंद्रप्रमुखांना हे सांगितलं. भला माणूस आहे, तरुण आहे, वाचतो. त्यांनी निबंधाचा फोटो काढून घेतला आणि म्हणाले, "सर, वीस दिवस वर्गावर जायला मी एका पायावर तयार आहे. पण माझ्याकडं शेजारच्या केंद्राचाही प्रभार आहे, आणि रोज दुपारपर्यंत कुठली ना कुठली माहिती ऑनलाइन मागवलेली असते. ते वीस दिवस कोण भरणार?" माझ्याकडंही शेवटची काही वर्षं दोन केंद्रं होती, त्यामुळं मला उत्तर सुचलं नाही. आम्ही ठरवलंय की दिवाळीनंतर, वेचणी ओसरली की, आठवड्यातला एक तास एका शाळेवर मी जाईन आणि ते बघायला येतील. शाळा व्यवस्थापन समितीची परवानगी मिळाली आहे. मुख्याध्यापकांनी विचारलंय की निवृत्त माणसाचा तास टाचणात कसा दाखवायचा.