तोडणीची चिठ्ठी आणि सभासदाचे मत

वडिलांच्या लोखंडी ट्रंकेत जमिनीच्या उताऱ्याशेजारी सहकारी साखर कारखान्याच्या भागाचा एक पिवळा पडलेला दाखला होता. त्यांच्या पश्चात तो माझ्या नावावर झाला. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या चिकोडी भागात असे दाखले घरोघरी आहेत आणि कागदोपत्री आम्ही सारे कारखान्याचे मालक आहोत. भाग एक असो वा पन्नास, सभासदाला मत एकच, हे सहकाराचे तत्त्व मला आजही मोलाचे वाटते.

एका वर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेत वडील उभे राहिले आणि मळीच्या, म्हणजे साखर काढल्यावर उरणाऱ्या काकवीसारख्या द्रवाच्या, विक्रीचा दर कोणी व कसा ठरवला, एवढेच त्यांनी विचारले. उत्तर मिळाले नाही. पुढचा विषय वाचला गेला आणि ‘मंजूर, मंजूर’ म्हणत सभा उरकली. त्या हंगामात बांधाला लागून असलेल्या, आमच्यानंतर लागण झालेल्या उसाच्या फडात जानेवारीतच तोडणीची टोळी आली. आमचा ऊस मात्र मार्चअखेरपर्यंत उभा राहिला. त्याला तुरा आला, वजन घटले. चिटबॉयकडे, म्हणजे गावात तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाकडे, विचारणा केली की ‘वरून चिठ्ठी आली नाही’ हेच ऐकायला मिळे. दोन्ही गोष्टींचा संबंध होता असे वडील कधी म्हणाले नाहीत, पण पुढच्या सभांत त्यांनी तोंड उघडले नाही.

मालकी आणि कारभार यांचा विचार करताना मला हा फड आठवतो. सभासद संचालक मंडळाला निवडून देतो. पण त्याचा ऊस केव्हा तुटणार हे त्या मंडळाच्या हाताखालचे शेतकी खाते ठरवते, आणि ज्याच्यावर वर्षाची कमाई अवलंबून आहे त्याला जाब विचारण्याची हिंमत फार थोड्यांना होते. शिवाय नाराज सभासदाला आपला भाग बाजारात विकून बाहेरही पडता येत नाही. कारभार बिघडला तरी तो बिघाड भागाच्या किमतीत दिसत नाही, कारण अशा भागाला बाजारभावच नसतो.

भांडवली बाजारात नोंदलेल्या कंपनीत हे वेगळे असते. याच जिल्ह्यात मुरकुंबी माय-लेकांनी १९९८ मध्ये रेणुका शुगर्स उभी केली आणि २००५ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. २०१० मध्ये ब्राझीलमधले कारखाने घेतले गेले, कर्ज वाढले आणि २०१८ मध्ये बहुसंख्य मालकी सिंगापूरच्या विल्मार कंपनीकडे गेली. ज्याच्याकडे समभाग जास्त त्याची मते जास्त, हा तिथला नियम. म्हणूनच लहान भागधारकासाठी कायद्याचे कुंपण घालावे लागले. भांडवली बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रवर्तकांच्या नातेसंबंधातील मोठ्या व्यवहाराला भागधारकांची मंजुरी लागते आणि संबंधित मंडळींना त्या ठरावाच्या बाजूने मत देता येत नाही. मळीचा व्यवहार अशा नातेसंबंधातल्या कोणाशी झाला असता, तर दराचा तो वडिलांचा प्रश्न अशा कंपनीत लेखापरीक्षण समितीपुढे गेला असता.

म्हणून खासगी मालकी चांगली, असे मी म्हणत नाही. कंपनीच्या दृष्टीने उसाचा दर हा खर्च आहे आणि तो जितका कमी तितका भागधारकाचा नफा जास्त. सहकारात ऊस घालणारा आणि मालक एकच असल्यामुळे शिल्लक रक्कम दराच्या रूपाने शेतात परत येऊ शकते. ही ताकद मोठी आहे. दोन्हीकडे शेतकऱ्याच्या पाठीशी ठाम उभा राहतो तो १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश: १४ दिवसांत बिल, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज. पण हे संरक्षण त्याला ऊस विकणारा म्हणून मिळते, मालक म्हणून नव्हे, ही गोष्ट मला फार खटकते.

माझ्या मते सुधारणेची सुरुवात निवडणुकीपासून नव्हे, तर तोडणीच्या क्रमापासून व्हायला हवी. लागणीच्या तारखेनुसार गावागावांतली नोंद हंगामापूर्वी पंचायतीच्या फलकावर लागली आणि क्रम मोडला तर कारण लिहिणे बंधनकारक झाले, तर सभेत उभे राहणाऱ्याच्या मनातली भीती बरीच कमी होईल. यंदाच्या सभेची नोटीस आली आहे. मळीच्या दराचा प्रश्न मी लेखी पाठवणार आहे आणि त्याच अर्जात आमच्या उसाच्या लागणीची तारीखही लिहिणार आहे.